कोटावर घातलेले वाकळीचे टाके

आधी चाचांचं सांगते, माझ्या चुकीचं मागून. चाचा म्हणजे बीडमधले माझे शिलाईचे उस्ताद. सहावीत शाळा सुटलेल्या, सिरसाळ्याहून आलेल्या बाईला त्यांनी मशीनवर बसवलं आणि ‘तुला काय कळतंय’ असं कधी म्हटलं नाही. आज मी मनालीत गिर्यारोहकांचे कोट तपासते ते त्यांच्यामुळे. आणि प्रत्येक कोट हातात घेताच अजून आधी उलटा करून बघते, ते त्या उन्हाळ्यामुळे.

कपिलधारच्या कड्यांवर सराव करणारी सात पोरं-पोरी हिमालयात निघाली होती. त्यांचे पिसांचे कोट आमच्याकडे शिवायला आले. नमुना चाचांनी आखला. बाहेरचं कापड वेगळं, आतलं वेगळं, मध्ये जाळीच्या पट्ट्यांच्या भिंती आणि त्या कप्प्यांत पिसं. आरपार जाणारा टाका एकही नको, असं त्यांनी बजावलं होतं. कावून, ते मी विचारलं नाही.

मी वाकळी शिवत वाढलेली. आमच्याकडे टाके दाट तेवढी वाकळ टिकाऊ, आतल्या चिंध्या सरकत नाहीत. इथली पिसं तर कोट झटकला की एका बाजूला गोळा व्हायची. मला राहवेना. चाचा कापड आणायला परगावी गेले, तेवढ्यात मी सातही कोटांवर चार-चार बोटांवर आरपार टाके घातले. वाटलं, खूश होतील.

चाचा आले, कोट उलटसुलट करून बघितले. रागावले नाहीत. चल, घालून बघू, एवढंच म्हणाले. नमुना पारखायला ते नेहमी आईस्क्रीमच्या गोदामात जात. बाहेर मे महिन्याचं ऊन. चाचा, आज कुल्फी व्हायचा बेत काय, असं गोदामवाल्याने विचारलं. ते हसत आत गेले. मी दाराशी उभी.

अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटांना चेन धरवत नव्हती. ओठ निळे पडलेले. मी पुढे झाले, तर त्यांनी पाठ फिरवली. पाठीवर पांढऱ्या रेघा होत्या. अंगाची ऊबदार वाफ सुईच्या भोकांतून निघून माझ्या एकेका टाक्यावर गोठली होती.

“वाकळ लई देखनी झाली, बेटा,” ते म्हणाले. दात वाजत होते. “पन डोंगरावर दार उघडून बाहेर येता येत न्हाई.”

मापं घेताना त्या सातांतल्या एका पोरीने विचारलं होतं, मावशी, थंडी लागणार नाही ना. आणि मी छातीठोकपणे नाही म्हणाले होते.

टाके उसवले तरी भोकं बुजत नाहीत. सगळं कापड नव्याने बेतावं लागलं. चाचांनी त्या पोरांना सांगितलं, “नमुना माझ्याकडून चुकला, आठ दिवस द्या.” मी शेजारीच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी चूक त्यांनी स्वतःवर घेतली, त्याचाही धक्का मला कमी नव्हता. मग माझ्या बाजूला बसून त्यांनी जाळीची भिंत कशी धरायची ते सातही कोटांवर दाखवलं. दुसऱ्या खेपेला गोदामातून आले तेव्हा पाठ कोरडी होती. पोरं वर जाऊन हातापायांनी धड परत आली.

ते पहिले सात कोट मी किती हौसेने घडी घालून ठेवले होते, हे अजून आठवतं.

परवा फोनवर कळलं, चाचांचे गुडघे आता गारठ्याने आखडतात, तरी गोदामात तेच बसतात. एकदा रजा काढून बीडला जाईन. चाचांना बाहेर खुर्ची देईन, आणि नमुना अंगात घालून आत मी बसेन.