जुन्या मापावर नाही

शिवणकाम करणाऱ्या मावशींचा एक हट्ट होता. जुन्या मापावर त्या ब्लाउज शिवत नसत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, माप नव्यानेच घ्यायच्या. मात्र गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी पुन्हा करायची वेळ आली, तेव्हा नर्सबाईला त्यांनी उडवून लावलं. “पाच वर्षांपूर्वी केली की. रिपोर्ट चांगला होता.”

नर्सबाई त्यांचीच गिऱ्हाईक. हात पसरून टेपसमोर उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “मग माझंही पाच वर्षांपूर्वीचं माप वहीत असेल. त्यावरच शिवा.”

मावशींनी टेप उचलली आणि माप नव्यानेच घेतलं. दुसऱ्या दिवशी मशीन झाकून त्या दवाखान्यात गेल्या. या वेळी काही पेशी बदललेल्या निघाल्या. कर्करोग नव्हता, पण पुढे होऊ शकला असता. छोट्याशा उपचारावर निभावलं.

नर्सबाईचा ब्लाउज मावशींनी स्वतः घरी नेऊन दिला, तोही सांगितलेल्या तारखेला. असं त्यांच्या हातून आजवर कधी घडलं नव्हतं.

आता माप घेताना त्या प्रत्येकीला विचारतात, “शेवटची तपासणी कधी केलीस?” आणि उत्तर मिळेपर्यंत कमरेभोवतीची टेप सोडत नाहीत.