चंद्राचं लांब तोंड

कसबा बावड्यातल्या क्रांतीला गल्लीत सगळे ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणतात. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरच्या माडीवर बसून वेबसाइट बनवते. पान तयार झालं की कुणाच्या तरी हातात फोन द्यायचा आणि त्याचा अंगठा कसा फिरतो ते गप्प बघत बसायचं, ही तिची जुनी सवय.

दिवाळी पाडव्याला गल्लीतल्या म्हशी नटूनथटून मिरवल्या, तेव्हा तिनं हौसेनं त्यांच्या फोटोंचं एक पान केलं आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर धाडलं. सगळ्यात शेवटी शेजारच्या गुंडूकाकांची चंद्रा. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ.

दुसऱ्या दिवशी धारा उरकून काका माडी चढून आले.

“क्रांते, माझ्याच म्हशीची थट्टा व्हय?”

“काय झालं काका?”

काकांनी पान तळापर्यंत सरकवलं आणि आणखी जोर लावला. पान रबरासारखं ताणलं, चंद्राचं तोंड लांबलचक झालं आणि अंगठा उचलताच पुन्हा जागेवर आलं.

“बाकी कुणाच्या म्हशीला असं हुत न्हाय.”

क्रांतीला हसू आवरेना. “ती शेवटाला हाय न्हवं? पान संपलं हे कळावं म्हणून फोन तसं करतोय.”

“मग तसं लिही की. तिचं तोंड कशाला वडतीस?”

तिनं ते ताणणं बंद करून टाकलं. संध्याकाळी काका पुन्हा दारात. “आता फोन अडकलाय. खाली अजून म्हशी असतील, पण हलतच न्हाय.”

क्रांती त्यांच्या अंगठ्याकडं बघत राहिली. बिचारा पुन्हा पुन्हा ढकलत होता आणि पान दगडासारखं गप्प होतं. आपण नुसतं ताणणं काढलं, पण संपल्याची खूण कुठं ठेवली, हे तिला तेव्हा उमगलं.

तिनं ताणणं परत चालू केलं. चंद्राच्या खाली भरपूर जागा सोडली आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘म्हशी संपल्या. दूध हाय.’ आता तळाला ओढलं की अक्षरंच लांब व्हायची.

काकांनी दोन-चारदा ओढून बघितलं. “हे बेस झालं. अक्षरास्नी काय दुखत न्हाय.”

तेव्हापासून कंपनीचं कुठलंही नवं पान आलं की क्रांती फोन घेऊन गोठ्यात उतरते. काका धोतराला हात पुसतात, त्यांच्या घरच्या बाळाबाई काकू चहा ठेवतात, आणि काका मत देईस्तोवर चंद्रा क्रांतीच्या ओढणीचं टोक चघळत उभी असते.