निरोगी गटातलं रक्त

पडद्यावर सगळे ठिपके खाली दाटीनं बसलेले. एकच ठिपका वर, एकटा. सरांनी लाल उजेडाचा ठिपका त्याच्यावर नेऊन ठेवला नि म्हणाले, "निरोगी गटातला हा पाहुणा कोण?"

नमुन्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. पण सरांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

"लिव्हर बोलतंय गं तुझं. तुमच्याकडे घरोघरी गाळतात ना?"

हे ते मराठीत म्हणाले. त्या खोलीत मराठी आम्हा दोघांनाच येत होतं. पण अंगठा तोंडाशी नेऊन त्यांनी खूण केली, ती बाकीच्यांनाही कळली. खोली हसली.

माझ्या बापानं दारूला कधी हात लावला नाही. मी तर नाहीच नाही. तरी मान माझीच खाली गेली.

सर पुण्याचे. मी निपाणीकडची. कन्नड मुलखातल्या, हेब्बाळच्या त्या प्रयोगशाळेत मी कंत्राटी टेक्निशियन. लिव्हर नि किडनी बिघडायला लागली की रक्तात आधी काय बदलतं, हे तिथं शोधत होते. आजारी माणसं हॉस्पिटलातून यायची, त्यांचं रक्त आम्ही काढायचो. ताडून बघायला निरोगी माणसांचं लागायचं. ते आमचं काढायचे. टेक्निशियनचं, झाडूवालीचं, वॉचमनचं. पीएचडी करणाऱ्या पोरांचं कधी नाही. पहिल्या दिवशी सरांनी मला गाव विचारलं होतं. मग विचारलं, "गावात नेमकं कुठं?" मी सांगितलं. त्यानंतर माझा चहाचा कप वेगळा झाला.

त्या दिवशी बसमध्ये बसले नि अपमान मागं पडला. भीती पुढं आली. एसजीपीटी, लिव्हरचा तो आकडा, इतका वर का? रोज मीच लोकांचे आकडे मशीनमधून काढत होते. एवढं वर गेलेलं लिव्हर कसलं असतं, मला माहीत होतं. मल्लेश्वरमच्या पीजीत, माझ्या भाड्याच्या खोलीत, आरशासमोर उभी राहिले. पापणी खाली ओढून डोळा बघितला. पिवळा आहे? नाही? ट्यूबलाइटच पिवळी होती. जेवण गेलं नाही.

मग ती सुई आठवली. उन्हाळ्यात एका कावीळवाल्या पेशंटचं रक्त काढताना ती माझ्या बोटात घुसली होती. मी धावत सरांकडे गेले होते. ते म्हणाले होते, साबणानं धू, कुठं बोलू नकोस, रक्त घ्यायची परवानगी देणाऱ्या समितीला कळलं तर काम बंद पडेल. लस मागितली तर कंत्राटी लोकांसाठी तरतूद नाही म्हणाले. मी बोट धुतलं नि कामाला लागले.

सकाळी सरांना विनवलं, माझं रक्त परत एकदा तपासू द्या. ते म्हणाले, मशीन काय घरच्या कामाला ठेवलंय का?

सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी कन्नडमध्ये एकच विचारलं, सुई टोचली होती का? मी हो म्हटलं नि रडायला लागले. रिपोर्ट आला. बी प्रकारची कावीळ, रक्तातून लागणारी. बाई म्हणाल्या, मोठ्या माणसाचं शरीर बहुतेक वेळा स्वतःच झटकून टाकतं. पण काही महिने वाट बघायची, परत रक्त तपासायचं. आणि नाही झटकलं तर? बाईंनी लपवलं नाही. मग आयुष्यभर राहते, म्हणाल्या.

आईला फोनवर काहीच सांगितलं नाही. पाण्याची बाटली वेगळी ठेवली. शेजारच्या कॉटवरच्या पोरीनं कंगवा मागितला, तर हरवला म्हणाले.

सरांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही. म्हणाले, "घरून आणली असशील. ती वस्ती माहितेय मला." मग त्याच आवाजात म्हणाले, निरोगी गटातली तुझी जागा रिकामी झाली, नव्या झाडूवालीचं रक्त घे, नि दोनच्या आत नमुना लाव.

नवी झाडूवाली लक्ष्मक्का स्टुलावर बसली होती. बाही आधीच वर केलेली. कशासाठी, कुणी सांगितलं नव्हतं. मी हातमोजे घातले, दंडाला रबरी पट्टा बांधला. ती घाबरून म्हणाली, "अक्का, स्वल्पच ना? थोडंच?"

माझा हात थांबला. पट्टा सोडला. सुई डब्यात टाकली.

"का थांबलीस?" सर दारात होते.

"आधी तुमची बाही वर करा, सर."

मी टेबल धरून उभी होते. सर म्हणाले, महिनाअखेरीला तुझं कंत्राट संपतंय, लक्षात ठेव. मी लक्ष्मक्काला कन्नडमध्ये सांगितलं, नको म्हणायचा तुला हक्क आहे. तिनं आधी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाही खाली ओढली नि उठून गेली.

भीती गेलेली नाही. पोटात उजवीकडे जरा दुखलं तरी अंगाला घाम फुटतो. कंत्राट जाईल. दुसरी प्रयोगशाळा मला घेईल का, माहीत नाही.

पण मी समितीला तक्रार लिहून दिली, नि परवा त्यांनी बोलावलंय. मला कावीळ झालीय, हे मी तिथं माझ्या तोंडानं सांगणार. कुठल्या सुईनं झाली तेही. कुणी गप्प बसवलं तेही, सरांच्या समोर, त्यांचं नाव घेऊन. झाडूवालीपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना लस मंजूर झाल्याशिवाय त्या खोलीतून मी उठणार नाही.