चूलबंद आवतण

भंडाऱ्याची पातेली टेम्पोत चढली आणि सटाण्याला गेली. त्या दिवसापासून आमच्या गावचा भंडारा गावात होत नाही. पातेली न्यायला सांगितलं ते कौतिकनानांनीच.

नाना माझे चुलते. आवतण द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी ते दारोदार जाऊन “चूलबंद!” एवढंच ओरडत. म्हणजे उद्या या घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी देवळात जेवायचं. एखादं दार गाळणं म्हणजे ते घर वाळीत टाकणं. म्हणून कुलूप लागलेल्या दारांसमोरही ते थांबत.

“नाना, इथं ऐकायला कोण आहे?” मी एकदा विचारलं.

“घर शे ना? मंग आवतन शे.”

नानांचे पणजोबा भाऊबंदांसह बैलगाड्यांतून आले आणि गाव वसलं, असं ते सांगत. पुढे दुष्काळात काही कुटुंबं सुरतेला गेली, ती परतली नाहीत. आम्ही शिकलो आणि नाशिकला आलो. पुरेशी मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली. शाळा नाही म्हणून राहिलेल्या सुनाही मुलांना घेऊन सटाण्याला गेल्या.

भंडारा तिकडेच हॉलमध्ये करू, असं तरुण मंडळी दरवर्षी सुचवत. नाना उडवून लावत. “देवले बी रिक्षामा बसाडी लई जाशात का?” वर्षातून एकदा सगळ्यांचं अन्न इथं शिजतं तोवर हे गाव आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग एका वर्षी वरणाचं पातेलं उतरवायला माणसंच मिळेनात. होते ते सगळे म्हातारे. वरण बुडाला लागलं, करपल्याचा वास देवळापर्यंत आला. नाना देवळाच्या पायरीवर बसले. म्हणाले, “लई जा रे भो. लोके जठे शेतस तठे शिजाडा.”

आवतण मात्र त्यांनी सोडलं नाही. हॉलच्या पहिल्या वर्षी सटाण्यातली घरं करून ते नाशिकला, गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत आले. लिफ्टमध्ये बसायला तयार होईनात. गुडघे धरत जिना चढले, माझ्या दारात “चूलबंद!” म्हणाले आणि समोरच्या जोशीकाकूंची बेल वाजवली.

“नाना, त्या आपल्या गावच्या नाहीत.”

“तुन्हा दारसमोर ऱ्हातस ना? गाळू कसं?”

“काय बंद करायचंय?” काकूंनी मला विचारलं. मी समजावलं. त्या हसल्या, “बघते हं, जमलं तर,” म्हणाल्या आणि नानांना पाणी दिलं.

हॉलमध्ये पंगतींवर पंगती उठल्या. नाना दाराशी खुर्ची घेऊन बसले होते. “ती बाई उनी नही का?” त्यांनी दोनदा विचारलं. जोशीकाकू आल्या नव्हत्या. मी त्यांना वरण-बट्टीचं ताट आणून दिलं. ते तसंच मांडीवर राहिलं.

“मानसे भरपूर शेतस,” ते म्हणाले. “गाव दिखत नही.”

त्या हिवाळ्यात नाना गेले. त्यांचं काम कोणी घेतलं नाही. भंडाऱ्याचा निरोप आता मोबाइलवर येतो.

नानांच्या मागे गावात नानी आणि शेजारच्या भागाबाई अशा दोघीच राहतात. दोघींचा स्वयंपाक नानींकडेच होतो; भागाबाईंची चूल बंद असते.