चाकण रस्त्यावरचं अडकलेलं शून्य

लोक साताऱ्याहून महाबळेश्वरला जातात. मी गेल्या महिन्यात चाकण रस्त्यावरच्या एका वजनकाट्यावर गेले. घरच्यांनी हात जोडले, पण जाणं भाग होतं. चूक माझी होती.

आम्ही काही जण मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळतो. कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, बिघडलेलं दुरुस्त करून परत द्यावं, असा मामला. पगार कुणालाच नाही. नवीन आवृत्ती निघण्याआधी कोणता बग कुणी घ्यायचा आणि कोणती दुरुस्ती आत घ्यायची, हे मी बघते. थोडक्यात, लग्नघरात सगळ्यांना कामं सांगत फिरणारी आत्याबाई. यंदा भोसरीच्या एका कारखान्यात डिस्पॅचला असलेल्या मंजूषाने तिची पहिलीच दुरुस्ती पाठवली. ती माल घेऊन ज्या काट्यावर जाते, तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर आमची चाचणी-आवृत्ती घातली, तर गाडी चढली तरी वजन शून्यच. तिने कारण शोधलं, उपाय लिहिला. मी त्यावर ‘प्रत्यक्ष काट्यावर तपासा’ असा शेरा मारला आणि तीन आठवडे विसरून गेले.

नव्या आवृत्तीत घ्यायच्या दुरुस्त्यांची यादी गुरुवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होती. बुधवारी तिचा मेसेज आला, "राहू द्या ताई. माझ्याच्यानं नाही होणार हे." मला फार लाज वाटली. असं लिहून गेलेली माणसं परत येत नाहीत, हे मी पाहिलंय. मी विचारलं, उद्या मी आले तर? "या की, उद्या सुट्टीच आहे मला."

पहाटेच्या एसटीने स्वारगेट, तिथून मेट्रोने नाशिक फाटा. खिडकी धरून उभे राहा, पिंपरीकडची पत्र्याची छपरं वरून छान दिसतात. भोसरीत मिसळ खाल्ली. तर्री मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितली की थांबत नाहीत. चाकण रस्त्याच्या कोंडीबद्दल इतकं ऐकलं होतं की दोन बाटल्या पाणी आणि चिवडा बरोबर घेतला होता. रस्ता चक्क मोकळा! मी स्वतःवर खूश. जाणकार वाचक इथेच हसले असतील.

मोशीच्या पुढे काट्यावर मंजूषा उभी होती. "ताई, सकाळपासून फोन लावायलेय तुम्हाला!" माझा फोन पिशवीत मुका पडला होता. काट्याचे मालक नाना, गावातले जुने शेतकरी, त्यांनी खुर्ची पुढे केली. "बसा बाई. पर लाइट न्हाई. बेस्तरवार हाय आज."

या भागात गुरुवारी वीज बंद, म्हणून कारखान्यांना त्याच दिवशी सुट्टी. मंजूषाची सुट्टी आणि काट्याची वीज एका दिवशी येतच नसत. काल मी येते म्हटल्याच्या आनंदात तिला विजेचं सांगायचं सुचलं नाही, सकाळी सुचलं तेव्हापासून ती फोन लावत होती. तीन आठवडे ती या पेचात होती आणि मी शेरा मारून मोकळी.

"लाइट कधी येईल?"

"सा वाजल्यावर. कंदी सात."

नानांनी जरा विचार केला आणि घरी फोन लावला. "सूनबाई, इन्व्हर्टर सोडून ठिव. टेम्पो धाडतो. टीव्ही ऱ्हाऊ दे एक दिस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कॉम्प्युटर शून्यच दावतो, हातानं वजनाच्या चिठ्ठ्या लिवून बोटं मोडली माजी, वर हरेक डायवर इचारतो ह्ये वजान खरं का. आज काय ते करूनच जावा."

तासाभराने टेम्पो आला. इन्व्हर्टरबरोबर सूनबाईंनी पिठलं-भाकरीही पाठवली होती. ती आधी संपवली. कॉम्प्युटर सुरू झाला, मंजूषाने दुरुस्ती चढवली, टेम्पो काट्यावर घेतला. शून्य गेलं, वजन आलं! मी मंजुरी द्यायला फोन काढला.

"ओ बाई," नाना म्हणाले, "टेम्पो तर उतरला. ह्ये वजान कुनाचं?"

काटा रिकामा आणि आकडा तसाच. मंजूषाचा चेहरा उतरला. "म्हणलं होतं ना ताई तुम्हाला."

"अगं, इथे आलो नसतो तर हे तसंच सगळीकडे गेलं असतं," मी म्हटलं. "चारच वाजलेत. बस."

ती लॅपटॉप घेऊन बसली. मला करायला काहीच नव्हतं, आणि गप्प बसणं माझ्या रक्तात नाही, तरी बसले. ती काहीतरी बदलायची आणि टेम्पो चढायचा, उतरायचा. ड्रायव्हर वैतागला, "राव, लायसन काढताना बी एवढी गाडी चढवली नव्हती!" इन्व्हर्टर कुईकुई करायला लागला तेव्हा सव्वापाच झाले होते. टेम्पो उतरला, आकडा शून्यावर आला. आणखी तीनदा बघितलं. मी तिथेच, मिसळीच्या डागाच्या ओढणीत, मंजुरी दिली. दुरुस्ती तपासणाऱ्याचंही नाव लिहायची आमच्यात पद्धत आहे. तिथे नानांचं नाव घातलं.

तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर रस्त्यासाठी गुरुवार उत्तम, कामासाठी नाही. मी आता कुणालाही काम देताना आधी सुट्टीचा वार विचारते.

आवृत्ती निघाली त्या आठवड्यात मंजूषाचा फोन आला. मला वाटलं, दुरुस्ती करणाऱ्यांच्या यादीत आलेल्या स्वतःच्या नावाबद्दल बोलेल. ती मालाची गाडी घेऊन काट्यावर गेली होती आणि मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

"ताई, आमच्या पुढचा ट्रक चढला, वजन आलं, चिठ्ठी निघाली. ड्रायव्हरनं ती खिशात घातली आन् गेला. काही विचारलंच नाही त्यानं!"

इतकी आनंदी मी तिला कधी ऐकली नव्हती.