नारायण पेठेतला 'नको'

वाशीमहून दिवसभराच्या एस. टी.ने शिवाजीनगरला उतरलो. "नारायण पेठ" म्हणताच दोन रिक्षावाल्यांनी तोंड फिरवले. तिसरा म्हणाला, "चालत जा की, नदीपलीकडंच आहे." गेलो चालत. हातात आत्याने दिलेला रोडग्यांचा (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) डबा. केतकीने तो "उद्या बघू" म्हणून फ्रिजमध्ये ठेवला.

केतकी ही माझा कॉलेजमित्र मिलिंद याची बायको. दोघेही हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. महिन्यातून एकदा ते चारपाच माणसे जेवायला बोलावतात. मोबाईल दाराशी टोपलीत, आणि जेवताना सगळ्यांना एकच प्रश्न. या वेळचा होता: आपल्याला घडवलं कोणी? माझे उत्तर तयार होते. आत्याने लोकांच्या शेतात निंदण करून मला घरातला पहिला पदवीधर केले. या मंडळींत तिचे नाव घ्यायचे, म्हणून गाडीत वाक्ये जुळवत आलो होतो.

"मसालेभात?" केतकीने विचारले. भूक कडकडून लागली होती. पण आमच्याकडे पहिल्यांदा 'नको' म्हणायचे असते. म्हटले. पातेले सरळ पुढे गेले! पाठोपाठ अळूचे फदफदेही (आंबटगोड पातळ भाजी) गेले.

"तू बोलतोस?" मिलिंदने विचारले.

"आधी तुम्ही बोला."

"बरं." प्रश्नही पुढे गेला. शेजारचे गृहस्थ अमेरिकेतल्या आपल्या साहेबावर बोलत सुटले. साहेबाने त्यांना स्पष्ट नकार द्यायला शिकवले म्हणे. माझा जीव नुसता चरफडत होता.

शेवटी केतकीचे वडील, नाना, म्हणाले, "अहो पाहुणे, ताट रिकामं, तोंड बंद. उपास आहे का?"

"नाही, पण आपण आग्रह केला असता तर..."

"इथे नको म्हणजे नको. भात हवा तर मागा, बोलायचं तर बोला. ताक आलंय, आता पानं उचलतील."

"भात वाढा," मी जवळजवळ ओरडलोच, "आणि माझ्या आत्याचं नाव गिरजा." जुळवलेली वाक्ये विसरलो. माझा निकाल ऐकायला ती चिखलाच्या पायांनी शाळेत आली होती, तेवढेच सांगितले.

नाना म्हणाले, "मग त्यांना का नाही आणलंत?"

दुसऱ्या दिवशी मी वाशीमची एस. टी. धरली.

घरी आत्याने दुसरी भाकर पुढे केली. "वाढ," मी लगेच म्हणालो.

"पुन्यात उपाशी ठेवलं काय रे तुले?"

"तिथं तुझ्याबद्दल सांगितलं."

"मायाबद्दल? कोनं इचारलं?"

"कोणी नाही. मीच सांगितलं. पुढच्या वेळी येतेस?"

"नको बा."

हा आमच्या घरचा 'नको' होता. मी पुन्हा विचारले.