दक्षिणेकडे मांडलेलं पान

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि मला ती चढवली ती आमच्या विज्ञानाच्या सरांनी. धुळ्याला देवपुरात त्यांच्या घरी चार वर्षं राहून मी बी.एस्सी. झालो. काकूंनी मला कधी परका मानलं नाही. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते चवीसाठी लिहीत नाही... मनावरचं ओझं आहे.

एक्क्याण्णव सालचा हिवाळा. सरांच्या हृदयाचं ऑपरेशन मुंबईला करायचं ठरलं होतं. खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा. सरांनी उमेदीची वर्षं फैजपूरजवळच्या शाळेत शिकवलं होतं, म्हणून आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी तिथल्याच एका केळीच्या मळ्यात मदतीसाठी भरीत-पार्टी ठेवली. तिकीट लावून. नुसतं भरीत तर घरोघरी होतं, म्हणून जेवता जेवता बघायचं विनोदी नाटक बसवलं – पंगतीत हेडमास्तरांचा खून होतो आणि खुनी कोण ते जेवणाऱ्यांनी ओळखायचं. अशी टूम परदेशात निघाल्याचं मी एका मासिकात वाचलं होतं. लिहिलंही मीच.

हेडमास्तर म्हणजे हुबेहूब आमचे सर. तसाच खांद्यावर पंचा, तसंच "बस खाली, गाढवा!" हॉस्पिटलमध्ये जाऊन मी त्यांची परवानगी घेतली. सर हसले.

"मार की! खोटं मरण आलं की आयुष्य वाढतं म्हणतात. फक्त खुनी गणिताचा मास्तर कर."

काकू म्हणाल्या, "काहीतरीच तुमचं!" पण त्याही हसल्या.

दिवेलागणीला साठेक माणसं पंगतीला बसली. प्रेताचं काम पोस्टातल्या विलासकडे होतं. त्याचं पान सगळ्यांसमोर वेगळं मांडायचं होतं. तिथे मला एक गंमत सुचली. जिवंत माणूस दक्षिणेकडे तोंड करून जेवत नाही, हे आपल्याकडे पोरासोरालाही ठाऊक. मी पान मुद्दाम दक्षिणेकडे मांडलं आणि पुढे पाटी लावली – 'हेडमास्तर'. हशा ठरलेला होता.

भरताची वांगी भाजणारे नाना काठी टेकत आले. सरांच्या शाळेतले जुने शिपाई. पाटी बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय करून राह्यले रे पोर्‍हेहो? जित्या मानसाच्या नावाचं पान तिकडं तोंड करून मांडता?"

"नाना, नाटक आहे."

"नाटक तुमचं. पान तं खरं हाये ना? वाढलेलं बी खरं हाये. फिरव ते."

मी "हो, फिरवतो" म्हणालो. फिरवलं नाही.

नाटक रंगलं. विलासने एकही घास न घेता छातीवर हात ठेवून लोळण घेतली. त्याला खाटेवर घालून केळीच्या आड नेलं. 'विषारी भरीत' पुरावा म्हणून जागेवरच राहिलं. पेट्रोमॅक्स घेऊन मी पानापासून चार हातांवर उभा होतो. कुणी जवळ आलं नाही. कुत्रं नाही, मांजर नाही. दहा-पंधरा मिनिटांनी आमचा इन्स्पेक्टर ऐटीत "पुरावा जप्त करा!" म्हणत वळला आणि तसाच थांबला.

पान रिकामं होतं. पुसून घेतल्यासारखं. भरीत नाही, पुऱ्या नाहीत. फक्त टोकाशी पुरीचा एक छोटा तुकडा बाजूला काढलेला.

"खाल्ला! पुरावा खाल्ला!" इन्स्पेक्टर वेळ मारून नेत ओरडला. अख्ख्या संध्याकाळभरात एवढा मोठा हशा पिकला नव्हता. मी हसलो नाही. चिमण्यांसाठी शेवटचा तुकडा असा बाजूला काढून ठेवणारा एकच माणूस मला माहीत होता, आणि तो सव्वाशे किलोमीटरवर धुळ्याला खाटेवर होता.

सकाळची पहिली एस.टी. पकडून मी धुळ्याला गेलो. सर जागे होते. पेजेची वाटी तशीच पडलेली.

"रात्रीपासून घोट घेतलेला नाही," काकू म्हणाल्या. "बघ बाबा, तुझं ऐकतात का."

मी वाटी पुढे केली. सरांनी ती हातानं हळूच मागे सारली.

"नको रे. जेवण झालंय माझं. किती वाढलंत काल... नानांच्या हाताला अजून तीच चव आहे."

भरीत नाना करणार आहेत हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते तर पंगतीच्याच दिवशी सकाळी ठरलं होतं.

त्यानंतर सर जेवलेच नाहीत. पेज, दूध, मोसंबीचा रस... काहीही पुढे केलं की शांतपणे म्हणायचे, "माझं झालंय." नळीनं दिलेलं उलटून पडायचं. पैसे जमले होते, मुंबईची तारीख मिळाली होती. पण अंगात ताकद आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती आली नाही. एकोणिसाव्या दिवशी सर गेले.

या आजारात अन्नावरची वासना उडते, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, मला ते पटायला हवं. पण ते पान कसं रिकामं झालं, हे मला आजही सांगता येत नाही.

तेराव्याला काकूंनी मला आत बोलावलं. त्यांच्या कानावर कुठून तरी आलं होतं. "पान तसं कुणी मांडलं होतं रे?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"वाढप्यांपैकी कुणीतरी असेल, काकू," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, "चल, जेवून घे. सकाळपासून उपाशी आहेस."